दुसरे गाणे

अमेरिकन फुटबॉलचा तो सामना संपला आहे असे मला वाटले होते. फलकावर २०–३ हे आकडे स्थिर झाले होते, घड्याळ शून्यावर आले होते, आणि वरच्या रांगांतली माणसे वाहनतळाकडे जाणारी बस गाठण्यासाठी पायऱ्या उतरू लागली होती. मीही उठलो, थर्मॉसचे झाकण घट्ट केले, बायकोच्या खांद्यावर तिची शाल टाकली आणि वाटेकडे वळलो. तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या कोटाच्या बाहीला हात लावला. त्यात दटावणी नव्हती. देवळात आरती सुरू असताना एखादे मूल मध्येच उठले, तर घरातले वडीलधारे माणूस जसे नुसत्या स्पर्शाने त्याला थांबवते, तसा तो हात होता. ‘अजून संपलेलं नाही,’ एवढेच ते म्हणाले, आणि कष्टाने उभे राहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

खाली मैदानावर दोन्ही संघ एकत्र चालत निघाले होते. तीन तास एकमेकांवर आदळलेली ती मुले शिरस्त्राणे हातात घेऊन पाहुण्यांच्या बाजूला गेली. हवाई दलाच्या अकादमीचा संघ हरला होता, म्हणून त्यांच्या महाविद्यालयाचे गीत आधी व्हायचे होते. ते होईपर्यंत जिंकलेल्या आर्मीच्या, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीच्या, संघाने त्यांच्या मागे निश्चल उभे राहायचे होते. मग सगळे तसेच मैदान ओलांडून करड्या गणवेशातल्या कॅडेटांसमोर आले आणि जिंकणाऱ्यांचे गीत झाले. आता हरलेले मागे उभे होते. अमेरिकेतल्या सैनिकी अकादम्यांमध्ये विजयाला ‘दुसरे गाणे म्हणणे’ असेच म्हणतात, हे मला परतताना बसमध्ये कळले. आपले गाणे दुसरे असावे यासाठी ही मुले वर्षभर राबतात.

मला मात्र त्या गाण्यांपेक्षा माझ्या बाहीवरचा तो हात पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला.

हडसन नदीच्या पूर्वेकडच्या काठावर राहायला येऊन आम्हाला वीस वर्षे झाली. या खोऱ्यात चिप बनवणाऱ्या आणि संगणक घडवणाऱ्या कारखान्यांमुळे मराठी घरे बरीच आहेत, गणपती बसतो, दिवाळीचा फराळ होतो. न्यूयॉर्क शहराकडे जाणारी आगगाडी नदीला चिकटून धावते, आणि गॅरिसनच्या स्थानकापाशी डोके वर केले की पलीकडच्या कड्यावर वेस्ट पॉइंटच्या करड्या ग्रॅनाइटच्या भिंती दिसतात. नदी तिथे एकदम वळते आणि अरुंद होते, म्हणूनच स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात त्या जागेला एवढे महत्त्व आले. १८०२ सालापासून तिथे सैन्याचे अधिकारी घडवले जातात. वीस वर्षे मी त्या भिंती खिडकीतून पाहत होतो आणि दर वेळी नजर वर्तमानपत्रात घालत होतो. पाण्यापलीकडून दिसणारी अशी एक वास्तू मी लहानपणी रोज पाहिली होती आणि तिच्याकडे न पाहण्याची सवय मला फार पूर्वीच लागली होती. शेजारच्या घरातला मुलगा २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे दाखल झाला आणि त्याच्या आईने आम्हाला एअर फोर्सविरुद्धच्या सामन्याची दोन तिकिटे दिली. नाही म्हणायला काही कारण सुचले नाही म्हणून आम्ही गेलो.

मिची स्टेडियम १९२४ चे, म्हणजे त्या वर्षी बरोबर शंभर वर्षांचे झाले होते. ते डोंगराच्या कुशीत बसवले आहे. एका बाजूला लस्क नावाचा लहानसा तलाव आहे आणि त्याच्या काठची मेपलची झाडे त्या दिवशी शेवटची पाने गाळत होती. सामन्याआधी चेंडू आला तो आकाशातून, हवाई छत्रीने उतरलेल्या एका कॅडेटच्या हातात. आर्मीने गुण मिळवले की तोफ उडे, तिचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येई, आणि बाकाचे लाकूड मांडीखाली थरथरे. तोफेनंतर काही कॅडेट गोलरेषेमागे जमिनीवर पालथे होऊन जेवढे गुण तेवढे दंड काढत होते. दारूगोळ्याचा वास, भाजलेल्या सॉसेजचा वास आणि ओल्या पानांचा वास यांचे एक मिश्रण हवेत होते, आणि त्यातला पहिला वास मला थेट खडकवासल्याला घेऊन गेला. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, गोळीबार मैदानावर सराव चाले तेव्हा वारा आमच्या घराकडे असला, तर असाच वास येई. आई दांडीवरचे कपडे काढून आत आणायची. त्या वासाने कपड्यांना काही होत नाही हे तिला माहीत होते, तरीही आणायची.

खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. आज जवळजवळ सगळे संघ चेंडू लांब फेकतात, कारण फेकण्याने खेळ वेगवान होतो आणि डोळ्यांना सुख मिळते. आर्मी सहसा फेकत नाही. आर्मी पळते, आणि तेही तीन यार्ड, चार यार्ड, पुन्हा तीन यार्ड असे. क्वार्टरबॅकने, म्हणजे संघाची चाल चालवणाऱ्या गड्याने, चेंडू हातात घेतल्यावर समोरच्या एका बचावपटूकडे पाहायचे. तो आत धावला तर चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून जायचे, तो बाहेर थांबला तर चेंडू मधल्या गड्याच्या पोटाशी सोपवून द्यायचा. निर्णयाला अर्धा क्षण मिळतो. ही पद्धत जुनी आहे आणि इतरांनी ती जवळपास टाकून दिली आहे. सैनिकी अकादम्यांनी ती जपली, कारण त्यांना साडेसहा फुटांचे, दीडशे किलोंचे गडी मिळत नाहीत. जो मुलगा व्यावसायिक फुटबॉलची स्वप्ने पाहतो, तो पदवीनंतर किमान पाच वर्षे सैन्यात सक्रिय सेवा करण्याचा करार सहसा स्वीकारत नाही. इतर महाविद्यालयांतल्या खेळाडूंना आता आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येतात, इथल्या कॅडेटांना ती मुभा नाही. मग उरतात ती मध्यम उंचीची, चिवट मुले, जी एकाच कोनात, एकाच क्षणी, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून पुढे झुकायला शिकतात. त्या वर्षी सबंध देशात सर्वोत्तम आघाडीची फळी म्हणून दिला जाणारा ‘जो मूर’ पुरस्कार आर्मीच्या फळीला मिळाला. त्या फळीतल्या मुलांविषयी एक गोष्ट मला शेजारीणबाईंकडून कळली आणि ती मनात रुतून बसली. चार वर्षे या मुलांनी खाऊन खाऊन वजन वाढवायचे असते, आणि शेवटचा सामना झाला की काही महिन्यांत तेच वजन उतरवून सैन्याच्या मापात बसायचे असते. खेळासाठी कमावलेले शरीर ते मे महिन्याच्या दीक्षान्त समारंभापूर्वी परत करतात.

२०२४ चा हंगाम आर्मीसाठी तसा अपूर्वच होता. जवळपास दोन दशके कुठल्याच परिषदेत, म्हणजे आपसात खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटात, नसलेला हा संघ त्या वर्षी अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये सामील झाला. प्रशिक्षक जेफ मॉन्केन दहा वर्षे हा संघ घडवत होते. ऑगस्टअखेर लीहायला ४२–७ हरवून सुरुवात झाली, आणि मग फ्लोरिडा अटलांटिक, राइस, टेंपल, टल्सा, यूएबी, ईस्ट कॅरोलायना असे एकेक संघ मागे पडत गेले. टेक्सासमधल्या अ‍ॅबरनॅथी या लहान गावातून आलेला ब्रायसन डेली हा क्वार्टरबॅक त्या वर्षी स्वतः चेंडू घेऊन ३२ वेळा गोलरेषेपलीकडे गेला. आम्ही पाहिलेल्या सामन्यात मात्र तो खेळू शकला नाही. त्याच्या जागी ड्वेन कोलमन उभा राहिला, आणि यंत्रातला एक दाता बदलावा आणि यंत्र तसेच फिरत राहावे, तसे झाले. मला तेव्हा नियमही धड कळत नव्हते, तरी एवढे जाणवले की इथे कुणी एकटा खेळत नाही.

घरी परतताना बेअर माउंटनच्या पुलावर गाडी अडकली. खाली नदीवर संध्याकाळ उतरत होती. बायकोने विचारले, ‘तुला त्या आजोबांचा राग आला का?’ मी नाही म्हणालो. मला राग आला नव्हता. मला लाज वाटली होती, पण ती त्या दिवसाची नव्हती.

वडील एनडीएच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि आम्ही खडकवासल्याच्या अलीकडे राहत होतो. धरणाच्या भिंतीवर उभे राहिले की पाण्यापलीकडे झाडीतून एनडीएच्या सुदान ब्लॉकचा घुमट दिसायचा आणि दुसरीकडे सिंहगड. दुसऱ्या महायुद्धात सुदानमध्ये लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारने दिलेल्या देणगीतून ती इमारत उभी राहिली हे वडील प्रत्येक पाहुण्याला सांगत. माझ्याच वर्गातला, दोन घरे सोडून राहणारा एक मित्र होता. आम्ही दोघे माझ्या हिरव्या सायकलवर डबलसीट धरणावर जायचो, घुमटाकडे पाहत शेंगदाणे खायचो आणि कुठल्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे तिथल्या कॅडेटांच्या कुठल्या गटात, जायचे यावर भांडायचो. आंतर-स्क्वाड्रन सामन्यांच्या बातम्या वडील संध्याकाळी घरी आणायचे. कुठल्या स्क्वाड्रनने फुटबॉलची ढाल नेली, कुणाचा पाय मोडला, क्रॉसकंट्रीत कोण पडला आणि तसाच उठून पळाला. त्या बातम्या आम्हाला रणजी सामन्यांपेक्षा मोठ्या वाटत. त्या मुलांची नावे आम्हाला पाठ होती, चेहरे मात्र कधी पाहिलेले नव्हते.

१९८७ साली आम्ही दोघेही लेखी परीक्षा उत्तीर्ण झालो आणि मुलाखतीच्या पाच दिवसांसाठी एकाच गाडीने, एकाच डब्यातून गेलो. जे कुणी त्या पाच दिवसांतून गेले आहेत त्यांना तिथली पाचवी दुपार वेगळी सांगायला नको. छातीवरचा क्रमांक हेच नाव झालेले असते. सगळे एका दालनात बसतात, एक अधिकारी येतो, चार चांगले शब्द बोलतो आणि निवडलेल्यांचे क्रमांक वाचतो. वाचून इतक्या लवकर होते की आपला क्रमांक आला नाही हे कळायच्या आत कागदाची घडी झालेली असते. त्या दिवशी दोनच क्रमांक होते. त्यातला एक माझ्या मित्राचा होता. निवडलेले वैद्यकीय तपासणीसाठी मागे राहतात, बाकीच्यांनी सामान घेऊन स्टेशनकडे निघायचे असते. बाहेर ट्रक उभा होता. मी माझी ट्रंक उचलली, मागच्या फळीवरून वर चढलो आणि अगदी आतल्या कोपऱ्यात, कॅनव्हासला पाठ टेकवून बसलो. बाकीची मुले त्या दोघांना मिठ्या मारत होती, पाठीवर थापा देत होती, एक जण रडत रडत हसत होता. मी ट्रकच्या अंधारातून ते सगळे पाहिले. मित्र टाचा उंचावून गर्दीत कुणाला तरी शोधत होता. कुणाला ते मला माहीत होते.

त्यानंतर रुजू होण्यापूर्वी तो घरी आला. दुपारची वेळ होती. मी आईला सांगितले की मी घरी नाही असे सांग. आईने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही आणि बाहेर गेली. दोघांचे हळू आवाजात बोलणे ऐकू येत होते. ती आत आली तेव्हा तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तिने तो देवापुढे ठेवला आणि तसाच राहू दिला. तीन वर्षांनी त्याचे संचलन झाले, तेव्हा वडिलांनी मिळवलेल्या प्रवेशपत्रांपैकी एक माझ्यासाठी होते, आणि मी अभ्यासाचे कारण सांगून गेलो नाही. पुढे आम्ही बोललो नाही असे नाही. लग्नांत भेटलो, वडील गेले तेव्हा तो गणवेशात आला होता, अलीकडे वर्षातून दोनदा निरोपांची देवघेव होते. सगळे सभ्य आणि व्यवस्थित असते. पण मागे उभे राहून त्याचे गाणे ऐकायचे माझ्याकडून राहून गेले होते, आणि सदतीस वर्षांनी एका अनोळखी म्हाताऱ्याने नुसता बाहीला हात लावून ते मला दाखवून दिले.

त्या सामन्यानंतर मी हंगामाच्या मागे लागलो. घरच्यांना नवल वाटले. नॉर्थ टेक्सासविरुद्ध आर्मीने १४–३ असा विजय मिळवला, त्यात एकच आक्रमण २१ चालींचे होते. ९४ यार्ड, आणि घड्याळाची जवळजवळ चौदा मिनिटे. या खेळात सामन्याचा एक पाव भाग पंधरा मिनिटांचा असतो हे लक्षात घेतले म्हणजे त्या चिकाटीची कल्पना येईल. तीन यार्ड, चार यार्ड, उठायचे, पुन्हा वाकायचे. समालोचकांचे शब्द संपले होते आणि ते नुसते आकडे सांगत होते. मला कंटाळा आला नाही. दिंडीत चालणाऱ्या माणसाला मुक्काम दिसत नसतो, पुढच्याची टाच दिसत असते, तसे ते चालले होते. तिथपर्यंत संघ नऊपैकी नऊ सामने जिंकलेला होता, आणि अशी सुरुवात १९९६ नंतर प्रथमच झाली होती. मग यांकी स्टेडियममध्ये नोत्रदामने त्यांना ४९–१४ असे झोडपले. १९४६ साली याच दोन महाविद्यालयांचा याच नावाच्या मैदानावर ०–० असा झालेला सामना अजून लोक सांगतात. या वेळी मात्र दोन संघांच्या शरीरयष्टीतले अंतर उघडे पडले आणि डावपेचांनी ते भरून निघाले नाही. पुढच्याच आठवड्यात टेक्सास-सॅन अँटोनिओच्या संघाला त्यांनी पाच गुणांनी हरवले.

या सगळ्या आनंदात एक अस्वस्थता होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ही मुले ज्या कामासाठी घडवली जात आहेत ते काम खेळ नव्हे. ज्याच्या नावाने ते स्टेडियम आहे त्या डेनिस मिचीने १८९० साली इथला पहिला संघ उभा केला, नेव्हीशी पहिला सामना खेळला आणि ०–२४ असा हरला. आठ वर्षांनी तो क्यूबातल्या लढाईत मारला गेला. स्टेडियमशेजारच्या क्रीडासंकुलाला डॉन हॉलेडरचे नाव आहे. १९५५ साली प्रशिक्षकांनी सांगितले म्हणून त्याने आपली गाजलेली जागा सोडून क्वार्टरबॅकची अनोळखी जागा घेतली, महिनोन्महिने टीका सोसली आणि नेव्हीला १४–६ हरवले. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएतनाममध्ये जखमी सैनिकांकडे धावत जाताना तो पडला. ज्या युद्धांत ही मुले गेली त्या युद्धांविषयी माझी मते वेगळी आहेत, आणि मुलांविषयी माझ्या मनात जे आहे ते वेगळे आहे. या दोन्ही गोष्टी मी एकत्र बांधू शकत नाही. खडकवासल्याच्या ज्या मैदानावर संचलन होते त्यालाही अरुण खेत्रपालांचे नाव आहे. पूना हॉर्सचे ते सेकंड लेफ्टनंट १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत गेले, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. मित्राचे पत्ते बदलत असत, मधली काही वर्षे तर नुसते लष्करी टपालाचे क्रमांक असत, आणि सीमेवरून बातम्या आल्या की त्याची आई देवघरात जाऊन बसे. माझी आई मग तिच्याजवळ जाऊन बसत असे. मी अमेरिकेतून फोन करून त्याची चौकशी आईकडे करायचो, त्याच्याकडे नाही.

६ डिसेंबरच्या रात्री परिषदेचा अंतिम सामना मिची स्टेडियममध्ये झाला आणि आम्ही पुन्हा गेलो. थंडी अशी होती की बोटे मोज्यांतही बधिर झाली आणि कॉफी ओठांपर्यंत येईतो कोमट होत होती. आर्मीने तुलेनला ३५–१४ असे हरवले. १८९० पासून खेळणाऱ्या या महाविद्यालयाचे हे कुठल्याही परिषदेचे पहिले विजेतेपद होते. डेलीने चार वेळा गोलरेषा ओलांडली. दिव्यांच्या झोतात श्वासांची वाफ एकत्र होऊन मैदानावर धुक्यासारखी तरंगत होती. मी त्या रांगेत, त्या बाकावर वृद्ध गृहस्थांना शोधले. ते दिसले नाहीत. सामना संपल्यावर मी टोपी काढून उभा राहिलो आणि माझे कान गोठले, पण गीत पूर्ण होईपर्यंत मी हललो नाही. त्याच महिन्यात संघाचा एक उत्तम धावपटू दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी कॅडेटांना सेवेची बांधिलकी स्वीकारावी लागते, तोपर्यंत निघून जाण्याचे दार उघडे असते. बातमी वाचून मला प्रथम चीड आली. नंतर वाटले, की दार उघडे असते म्हणूनच आत राहणाऱ्यांच्या राहण्याला किंमत येते. आणि जाणाऱ्यावर चिडण्याचा अधिकार मला कुठून आला? मी तर दार उघडून मित्राला भेटलोही नव्हतो.

आठच दिवसांनी, १४ डिसेंबरला, नेव्हीशी १२५ वा सामना मेरीलँडमधल्या लँडओव्हरला झाला. पुढे महिनाअखेर श्रीव्हपोर्टला लुइझियाना टेकला हरवून आर्मीने बारावा विजय मिळवला आणि इतके विजय या संघाला एका हंगामात कधीच मिळाले नव्हते. पण माझ्यापुरता हंगाम नेव्हीच्या सामन्यानेच संपला. त्या दिवशी आर्मीच्या अंगावर दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममधल्या बास्तोन्यच्या वेढ्यात टिकून राहिलेल्या १०१ व्या हवाई छत्री तुकडीच्या स्मरणार्थ केलेला गणवेश होता. त्या वेढ्याला ऐंशी वर्षे होत होती. अकरा सामने जिंकलेला संघ जिंकेल अशी मला खात्री होती. सामना त्या खात्रीप्रमाणे झाला नाही. आर्मीने फेकलेला चेंडू तीन वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. शेवटच्या पावात नेव्हीने चेंडू लाथाडण्याचे सोंग केले आणि एक धिप्पाड बचावपटू तो पोटाशी धरून २९ यार्ड पळत सुटला, आणि तिथे सगळे ओसरले. १३–३१. कॅमेरा डेलीवर गेला. त्याच्या गालाला माती लागली होती आणि तो कुठेच पाहत नव्हता.

मी टीव्ही बंद केला नाही. आर्मीचे गीत आधी झाले. मग ते सगळे मळलेले, थकलेले खेळाडू मैदान ओलांडून निळ्या गणवेशांच्या भिंतीसमोर गेले आणि नेव्हीच्या मागे उभे राहिले. दुसरे गाणे सुरू झाले. काहींच्या हनुवट्या थरथरत होत्या, एकाने डोळे मिटले होते. पण रांग मोडून कुणी गेले नाही, आणि गाणे संपेपर्यंत कुणी पाठ फिरवली नाही. बावीस वर्षांची मुले होती ती. सतराव्या वर्षी मला जे जमले नव्हते आणि चोपन्नाव्या वर्षीही जमलेले नव्हते, ते त्यांनी दोन-तीन मिनिटांत, मान खाली न घालता केले.

पुण्यात तेव्हा पहाटेचे पाच वाजले असतील. मित्र सैन्यातून आलेला माणूस, या वेळेला उठलेला असतो हे मला ठाऊक होते. फोन दुसऱ्याच घंटेला उचलला गेला.

‘काय रे, सगळं ठीक आहे ना?’ अवेळी परदेशातून आलेल्या फोनवर प्रत्येक जण हेच विचारतो. मी म्हणालो, सगळे ठीक आहे, एक सामना पाहिला आणि तुला सांगावेसे वाटले. मग मी त्याला वेस्ट पॉइंट, तीन-चार यार्डांचा तो खेळ, वजन परत करणारी मुले, दोन गाणी, सगळे सांगत सुटलो. तो ऐकत होता. मध्ये त्याने एकदाच विचारले, ‘हरलेल्यांचं आधी?’ मी हो म्हणालो. ‘आणि मग ते दुसऱ्यांसाठी थांबतात?’ मी म्हणालो, ‘थांबतात.’ त्याच्या बाजूने कुणीतरी फाटक उघडल्याचा आणि दुधाच्या पिशव्या ठेवल्याचा आवाज आला.

‘मी तेव्हा थांबलो नाही,’ मी म्हणालो. ‘ट्रकमध्ये बसलो होतो. आणि तू पेढे घेऊन आलास तेव्हा...’

‘घरातच होतास,’ तो म्हणाला. आवाजात कसलाही कढ नव्हता, आठवण सांगावी तसा तो बोलत होता. ‘तुझी हिरवी सायकल दारातच होती की रे. काकू बोलत होत्या आणि मी सायकलीकडे बघत होतो. म्हटलं, चेन निसटलेली आहे, बसवून द्यावी का. मग म्हटलं नको, तुला आवाज येईल.’

मी काही बोललो नाही. फोन कानाशी धरून उभा राहिलो.

‘पेढे खाल्लेस का पण?’ त्याने विचारले.